बदलीच्या महिन्यातील सामान : भंगारात की अंगणात?

एप्रिल-मे महिना आला की कोहमाऱ्याच्या चौकातून घरसामान लादलेली वाहने जाताना दिसू लागतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी २००५ चा कायदा आहे. त्यात एका जागी साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ धरला आहे आणि बदल्या एरवी वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असे ठरवून दिले आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला तेव्हापासून कचेऱ्या वाढल्या, कर्मचारी वाढले, आणि येणे-जाणेही वाढले. सडक अर्जुनी तालुक्यात तीन-चार वर्षे राहून गेलेल्या कुटुंबांची संख्या कमी नाही. ही माणसे येताना चार पेट्या घेऊन येतात व जाताना त्यांच्याकडे दोन पलंग, कूलर, आलमारी, टेबल, मुलांच्या सायकली आणि एक खोलीभर कपडे असतात.

हे सर्व वाहून न्यायचे तर वाहनाचे भाडे सामानाच्या किमतीच्या वर जाते. मग जाण्याच्या आदल्या दिवशी कबाड्याला हाक मारली जाते. तो खोलीत उभा राहून एक नजर फिरवतो आणि उक्ता आकडा सांगतो. घरातल्यांना दुसऱ्या दिवशीची गाडी गाठायची असते, म्हणून हो म्हटले जाते. ज्या खाटेवर कोणी आणखी दहा वर्षे झोपले असते ती लोखंडाच्या भावाने तोलली जाते.

आम्ही कापडाचे दुकानदार आहोत. जुने सामान हा आमचा धंदा नव्हे. तरीही गेल्या काही वर्षांत ओळखीच्या पाच-सात घरांनी आम्हांला विचारले आणि आम्ही त्यांना अंगणात सामान मांडून स्वतःच विकावयास सांगितले. त्या अनुभवावरून आणि दुकानदारीत जे शिकलो त्यावरून चार गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हिशेब पाहू. उदाहरणादाखल एक लोखंडी आलमारी धरा. तिचे वजन ६० किलो आणि भंगाराचा भाव २५ रुपये किलो मानला तर कबाडी फार तर १५०० रुपये देईल. तीच आलमारी नवी घ्यावयास गेल्यास समजा ९ ते १० हजार पडतात. ज्याच्या घरी पुढच्या महिन्यात मुलीचे लग्न आहे असा माणूस चालत्या कुलपाची, न गंजलेली आलमारी ३ हजारांत आनंदाने नेतो. त्याचे ६ हजार वाचतात, आपल्याला दुप्पट मिळतात. या दोघांच्या मध्ये कबाडी उभा आहे तो केवळ आपल्याला घाई असते म्हणून. यात कबाड्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला माल घेऊन ठेवायचा, डागडुजी करायची, न विकला तर तोडायचा आहे. तो वजनाचा भाव देतो, कारण त्याला वस्तूचा उपयोग नाही. ज्याला उपयोग आहे तो माणूस आपल्या अंगणापर्यंत आणणे, एवढेच या विक्रीचे सारे काम आहे.

याला एक अपवाद आहे. तांब्या-पितळेचे गुंड, गंज, पराती अंगणात मांडू नयेत. त्यांना मोडीचा भाव चांगला असतो आणि तो भांड्याच्या दुकानात वजनावरच मिळतो. अंगणात येणारे गिऱ्हाईक कलई उडालेल्या पितळी गंजाला तेवढे पैसे देणार नाही. स्टीलची भांडी मात्र नगावर विकावीत. त्यांच्यावर नाव कोरलेले असते म्हणून पुष्कळ घरात ती काढावयास संकोच वाटतो. गिऱ्हाईकाला त्या नावाचे काही वाटत नाही. भाव पाडण्यासाठी तो नावाकडे बोट दाखवतो, इतकेच.

लाजेचा प्रश्न

परदेशात या प्रकाराची कोणाला लाज वाटत नाही. अमेरिकेत घराच्या पुढच्या हिरवळीवर किंवा मोटारीच्या खोलीत सामान मांडून शनिवार-रविवारी विकणे ही नित्याची गोष्ट आहे. नेदरलँड्समध्ये राजाच्या वाढदिवशी, २७ एप्रिलला, लोक रस्त्याच्या कडेला चादर अंथरून घरातील जुने सामान विकतात. लहान मुले आपली खेळणी घेऊन बसतात. आपल्याकडे मुंबईचा चोर बाजार आहे, पुण्याचा जुना बाजार आहे, पण तेथे विकणारा हा व्यापारी असतो. घरधनी स्वतः दारात बसून आपली खुर्ची विकतो आहे हे चित्र आपल्याला रुचत नाही. शेजारी लगेच विचारतात, काय भाऊ, घर बसले काय? आणि खरेच एखाद्या घरावर वाईट दिवस आले असतील तर हा प्रश्न सुरीसारखा लागतो.

बदली झालेल्याला उत्तर सोपे आहे. चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे : "बदलीमुळे घरगुती सामान विकणे आहे." कारण लिहिले की कुजबूज होत नाही. पण ज्याच्या घरात दवाखान्याचे बिल आहे, किंवा दुकान बंद पडले आहे, त्याने काय लिहावे? त्याची अडचण दुहेरी असते. एक तर इभ्रत. दुसरे म्हणजे भाव. विकणाऱ्याला गरज आहे असा वास लागला की गिऱ्हाईक बसूनच राहते, उठत नाही. संध्याकाळी हाच माल निम्म्याने मिळेल हे त्याला ठाऊक असते. आम्ही चाळीस वर्षे काउंटरच्या अलीकडून हेच पाहत आलो आहोत. ज्याला विकलेच पाहिजे त्याला कधीही पुरी किंमत मिळत नाही.

यावर आम्हांला सापडलेला उपाय म्हणजे दोन-तीन घरांनी मिळून विक्री करणे. मोठे अंगण ज्याचे असेल त्याच्याकडे तिघांचे सामान मांडावे. एकाची बदली झालेली असावी, एकाला घर बांधताना जागा रिकामी करायची असावी, आणि तिसऱ्याचे कारण कोणी विचारतच नाही. कुठली वस्तू कोणाची हे फक्त वहीत राहते. आमच्या माहितीतल्या एका बाईंनी याच रीतीने पतीच्या पश्चात शिलाई मशीन, काउंटर आणि लाकडी फळ्या विकल्या. त्या स्वतः अंगणात बसल्यादेखील नाहीत. सामान शेजारच्या गुरुजींच्या सामानात मिसळून गेले आणि त्यांना जो भाव मिळाला तो एकट्या विधवेच्या दारात मिळाला नसता, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

यात इभ्रत राखली जाते आणि गिऱ्हाईकही वाढते. एका घरात पंधरा वस्तू असतील तर चार किलोमीटरवरून कोणी येत नाही, शंभर वस्तू असतील तर येतो. बाजारात कापडाची दहा दुकाने एका ओळीत का असतात? दहाव्या दुकानदाराला पहिल्या नऊ दुकानांचे गिऱ्हाईक मिळते म्हणून. अमेरिकेत तर हे तत्त्व एका महामार्गाला लावले आहे. तिकडे १२७ क्रमांकाच्या रस्त्यावर १९८७ मध्ये अशी विक्री सुरू झाली. वाढत वाढत ती आज अलाबामातील गॅड्सडेनपासून मिशिगनमधील ॲडिसनपर्यंत सुमारे ६९० मैल पसरली आहे. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून चार दिवस रस्त्यालगतची घरे व शेते सामानाने भरतात आणि लोक मोटारी घेऊन खरेदीला निघतात. हेतूच असा होता की, प्रवाशांनी मोठा आंतरराज्य रस्ता सोडून या छोट्या गावांतून जावे.

कोहमाराही रस्त्यावरचेच गाव आहे. पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सुरतेकडून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली करीत येथून पुढे देवरी, राजनांदगाव, रायपूरकडे जातो. आमच्या धंद्यातील सुरतेची साडी याच रस्त्याने पूर्वेकडे जाते. चौकातून एक फाटा गोरेगाववरून गोंदियाला, दुसरा नवेगावबांधकडे. पण वाचकांनी एक गैरसमज करून घेऊ नये. महामार्गावरून धावणारा माणूस आपले गिऱ्हाईक नाही. तो चहा पितो, टायरची हवा पाहतो आणि निघून जातो. पलंग घेऊन जात नाही. आपले गिऱ्हाईक म्हणजे फाट्यावर बस किंवा काळी-पिवळी बदलणारा आसपासच्या खेड्यांतला माणूस. चिठ्ठी लावायची तर धाब्यावर नव्हे, बसथांब्याजवळच्या किराणा दुकानावर, आटाचक्कीवर आणि न्हाव्याच्या दुकानात लावावी. मराठी आणि हिंदी दोन्हींत लिहावी, कारण या जिल्ह्याला मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही लागून आहेत आणि बाजाराची भाषा अर्धी हिंदीच आहे. 'सेल' हा शब्द टाळावा. आमच्या भागात सेल म्हटले की बाहेरगावचा माणूस शामियाना टाकून हलके कपडे विकावयास आला असे लोक समजतात. "घरगुती सामान विकणे आहे" हेच बरे. खाली पाच-सहा मोठ्या वस्तूंची नावे, दिवस, वेळ आणि घराची खूण लिहावी. व्हॉट्सॲपच्या गटांत वस्तूंची छायाचित्रे टाकता येतात, पण सर्वच वस्तूंची टाकू नयेत. चार चांगल्या वस्तू दाखवाव्यात. बाकीच्यांसाठी माणसाने उठून यावे.

दिवस व वेळ

धानाच्या मुलखात पैशाला ऋतू असतो. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, घरात माणूसच नसतो. कापणीच्या वेळीही तेच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तेव्हा लोकांच्या हातात पैसा असतो, पण तो पाहुण्यांवर आणि नाटकाच्या तिकिटांवर जातो. धानाचे चुकारे मिळाल्यावरचा काळ चांगला. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या मजुरीचा पैसा येतो आणि लग्नसराईही असते. सुदैवाने बदल्यांचा महिनाही हाच. लग्नघरी पलंग, आलमारी, गाद्या, मोठे गंज, खुर्च्या लागतात, तर शेजारच्या शासकीय निवासस्थानात हेच सामान निरुपयोगी झालेले असते. जून उजाडू देऊ नये; एक पाऊस झाला की अंगणात मांडलेला माल आणि त्याची किंमत दोन्ही भिजतात.

काही वस्तूंना स्वतःचा असा महिना असतो. कूलरचा महिना फेब्रुवारी-मार्च. मेच्या अखेरीस कूलर काढला तर गिऱ्हाईक म्हणते, आता पंधरा दिवस उरले. ज्याला आपली बदली होणार हे तीन वर्षे पूर्ण झाल्यामुळे कळते, त्याने दोन कूलरांपैकी एक मार्चमध्येच विकून टाकावा. रजया आणि स्वेटर डिसेंबरात. शाळेचे गणवेश, दप्तरे, पुस्तके जूनच्या पहिल्या आठवड्यात. एरवी त्यांना कोणी हात लावत नाही.

आठवड्यातला दिवस निवडताना जवळच्या आठवडी बाजाराचा दिवस पाहावा. त्याच दिवशी ठेवल्यास लोक येतात, पण पिशवी भरल्यावर आणि खिसा रिकामा झाल्यावर येतात. रविवार आणि बाजार एकाच दिवशी नसेल तर रविवार उत्तम. सकाळी आठला सुरू करावे. उन्हाळ्यात बारा ते चार बंद ठेवण्यात काही नुकसान नाही, त्या वेळी विदर्भात कुत्रेही सावली सोडत नाही.

किंमत

प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठी नसली की दर वेळी गिऱ्हाईकाने विचारायचे, आपण त्याच्या कपड्यांकडे पाहून सांगायचे, आणि पुढच्याने ऐकले तर भांडण. शिवाय बरीच माणसे भाव विचारायलाच संकोचतात आणि तशीच निघून जातात. दुकानात ही गोष्ट आम्हांला उशिरा नव्हे तर पहिल्याच वर्षी वडिलांनी सांगितली होती.

आमचा साधा अंदाज असा : पलंग, आलमारी, टेबल यांसारख्या टिकाऊ वस्तूंना आजच्या नव्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, चालू विजेच्या वस्तूंना चौथा हिस्सा, कपड्यांना दहावा, तोही नशीब असेल तर. आपण किती रुपयांना घेतली होती हे विसरून जावे. गिऱ्हाईक आपल्या जुन्या बिलाशी नव्हे तर दुकानातल्या नव्या मालाशी तुलना करते. चिठ्ठीवर १०, २०, ५०, १०० असे सरळ आकडे लिहावेत. घासाघीस होणारच, तिच्यासाठी थोडी जागा ठेवावी. परंतु पहिल्या दोन तासांत मोठ्या वस्तूंचा भाव हलवू नये. कबाडी आणि जुन्या सामानाचे व्यापारी पहाटेच येतात आणि सर्व एकदम उचलतो म्हणतात. त्यांना अदबीने सांगावे, काकाजी, अकरानंतर या. चांगल्या चार वस्तू त्यांनी सकाळीच नेल्या तर मागून येणाऱ्यांसाठी नुसता कचरा उरतो आणि विक्री तेथेच बसते.

आदल्या रात्री येणाऱ्या शेजाऱ्यांचे काय, हा नाजूक प्रश्न आहे. भाभी, तो मिक्सर आमच्यासाठी ठेवा, असे कोणी म्हणाले तर नाही म्हणवत नाही. ठेवावा, पण चिठ्ठीवरच्या किमतीला आणि इसार घेऊन. इसार दिलेली वस्तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत न नेल्यास ती विकली जाईल, हे देतानाच सांगावे. उधारी मुळीच नको. जो माणूस पुढच्या आठवड्यात गडचिरोलीला राहायला जाणार आहे त्याने कोहमाऱ्यात उधारी ठेवून वसूल कशी करायची?

कपडे कसे मांडावेत

हे आमचे क्षेत्र असल्यामुळे थोडे सविस्तर सांगतो. जुन्या कपड्यांत पहिली परीक्षा नाकाची असते. डांबरगोळीचा किंवा कुबट वास आला की गिऱ्हाईक घडी उघडूनही पाहत नाही. विक्रीच्या आठवडाभर आधी धुऊन, कडक उन्हात दोन दिवस टाकावेत. साड्या ढिगात टाकू नयेत. दोरीवर काठ आणि पदर दिसेल अशा टांगाव्यात. सुरतेच्या सिंथेटिक साडीचा रंग वर्षानुवर्षे टिकतो, तिला गिऱ्हाईक मिळते. सुती साडी एकदा विटली की ती पांघरुणाच्या कामाची, आणि गोधडी शिवणाऱ्या बायका तिला मागतातच. म्हणून सुती वेगळी ठेवावी. मुलांचे कपडे वयाप्रमाणे लावून त्यावर "२ ते ४ वर्षे" असे लिहावे. पडद्यांवर लांबी-रुंदी फुटांत लिहिली नाही तर पडदा विकला जात नाही, कारण कोणालाच स्वतःच्या खिडकीचे माप पाठ नसते. दुपारी उरलेले सर्व कपडे एका खाटेवर टाकून "कोणताही २० रुपये" केले की हात चालू लागतात.

गादीबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. फोमची गादी बसली की संपली. कापसाची गादी किंवा रजई मात्र मरत नाही. खोळ फाडून कापूस पिंजाऱ्याकडे पुन्हा पिंजून घेतला की नव्यासारखी भरता येते. म्हणून कापसाच्या गादीवर तिचे वजन लिहावे. खेड्यातला जाणता माणूस गादी दाबून नव्हे, कापूस तोलून घेतो. डागाळलेली खोळ पाहून आपण ती फुकट देऊन टाकतो आणि नेणारा मनात हसतो.

विजेच्या वस्तूंसाठी अंगणात एक बोर्ड काढून ठेवावा आणि प्रत्येक वस्तू चालवून दाखवावी. ऐब असेल तो चिठ्ठीवरच लिहावा : "पंखा चालतो, तीन नंबरवर आवाज करतो." "कूलरची मोटर चांगली, ताट्या बदलाव्या लागतील." ऐब लिहिल्याने भाव पडतो असे वाटते. पडतो तो थोडाच, आणि त्या एका चिठ्ठीमुळे बाकीच्या न लिहिलेल्या वस्तूंवर विश्वास बसतो. कापडात आम्ही डागी ताका डागी म्हणूनच वेगळा ठेवतो आणि तो विकला जातो. चांगल्यात मिसळलेला डागी ताका मात्र सर्व चांगल्यांचा भाव खातो. प्रेशर कुकर द्यायचा तर शिटी आणि सुरक्षा व्हॉल्व्ह पाहूनच द्यावा. तार उघडी पडलेला हीटर विकू नये, भंगारात द्यावा. त्या ५० रुपयांसाठी कोणाचे घर जोखमीत टाकायचे नाही.

कोणाच्या वस्तू विकता?

हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. घरातील प्रत्येक वस्तू घरधन्याची नसते. पत्नीला माहेराहून मिळालेली भांडी, पेटी, मशीन ही तिची मालमत्ता आहे. ती विकायची की नाही हे तिनेच ठरवावे, आणि विकली तर पैसेही तिच्याच हाती द्यावेत. मयताच्या घरातील सामान असेल तर ते सर्व वारसांचे आहे. आधी मयताचे कर्ज, मग वाटणी. एका भावाने परस्पर सामान विकले आणि दोन हजारांच्या टेबलावरून बहिणीचे येणे-जाणे बंद झाले, अशी घरे आम्हांला माहीत आहेत. सर्वांना आधी यादी दाखवावी. ज्याला जे घ्यायचे ते त्याने घ्यावे. उरलेले विकून रक्कम वहीत लिहावी.

गॅसचे सिलिंडर विकू नये. ते कंपनीच्या मालकीचे असते, आपण फक्त अनामत भरलेली असते. वितरकाकडे परत करून अनामत घ्यावी किंवा नव्या गावी जोडणी बदलून घ्यावी. मोटारसायकल अंगणात दाखवा, पण नमुना २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयात नाव बदलल्याशिवाय व्यवहार संपला असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की, गाडी विकलेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. एम. एच. ३५ ची गाडी विकून माणूस कोल्हापूरला गेला आणि तीन वर्षांनी नोटीस आली तर कोणाला शोधणार? मोबाईल विकताना आतील सर्व माहिती पुसावी, बिलाची प्रत द्यावी, घेणाऱ्याचे नाव वहीत लिहावे.

करांची भीती बाळगण्याचे कारण नाही. स्वतः वापरलेले घरगुती सामान अधूनमधून विकणे हा धंदा धरला जात नाही, म्हणून त्यावर जीएसटी नाही. आयकरातही कपडे, फर्निचर अशा वैयक्तिक वापराच्या वस्तू भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत. दागिने मात्र मोडतात. पण आमच्या दुकानदार बंधूंना एक सांगणे आहे. दुकानात पडून राहिलेले कटपीस घरी आणून शेजाऱ्याच्या जुन्या सामानात मिसळून विकू नका. तो धंद्याचा माल आहे, त्याचा हिशेब दुकानाच्या वहीतच हवा. शिवाय नवा कटपीस दिसला की लोक जुन्या साडीला हात लावत नाहीत, म्हणजे ज्याच्या अंगणात बसलो त्याचेच नुकसान.

प्रत्यक्ष दिवशी घराच्या आतल्या खोल्यांना कुलूप लावावे आणि सर्व व्यवहार सपरीत व अंगणात ठेवावा. भांडी व बायकांचे कपडे एका बाजूला घरातील स्त्रियांनी सांभाळावेत. गावातल्या बायका मग मोकळेपणी येतात, आणि खरे सांगावयाचे तर खरेदी त्याच करतात. पैसे घेणारा माणूस एकच असावा आणि त्याने जागा सोडू नये. १० आणि २० च्या नोटांची चिल्लर आदल्या दिवशी आणून ठेवावी. फोनवरून पैसे देणाऱ्याने दाखवलेल्या पडद्यावर विश्वास न ठेवता आपल्या खात्यात जमा झाल्याचे पाहूनच वस्तू उचलू द्यावी. पैसे मिळवण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला जातो तो पैसे जाण्यासाठी. न पाहताच वस्तू पसंत आहे, पैसे पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा, असे फोनवर सांगणाऱ्याने देशभर पुष्कळांना फसवले आहे. आपले गिऱ्हाईक अंगणात उभे राहणारे असावे, म्हणजे ही भानगड नको.

चारनंतर भाव निम्मे करावेत आणि कबाड्याला पाचची वेळ आधीच देऊन ठेवावी. तोपर्यंत जे राहिले ते खरोखर भंगारच असते, त्यामुळे मन दुखत नाही. काटा आपल्या अंगणात, आपल्या समोर लावावा. लोखंड, प्लास्टिक, रद्दी वेगवेगळी तोलावी, कारण तिन्हींचा भाव वेगळा आहे आणि एकत्र तोलले की सर्वांत हलक्याचा भाव लागतो. उरलेल्या कपड्यांत जे अंगावर घालण्याजोगे आहेत ते ज्याला द्यायचे त्याला विचारून द्यावेत. फाटके गाठोडे गरिबाच्या दारात टाकून येणे म्हणजे आपला कचरा त्याच्या घरी नेऊन ठेवणे होय. चिंध्या वेगळ्या बांधून कबाड्यालाच द्याव्यात, त्यालाही बाजार आहे. हरयाणातील पानिपत येथे जुन्या लोकरी व इतर कपड्यांचा धागा पुन्हा काढून त्याच्या घोंगड्या-ब्लँकेटे विणण्याचा मोठा धंदा आहे. आमच्या दुकानात हिवाळ्यात जी स्वस्त ब्लँकेटे विकली जातात त्यांतील बरीच तेथूनच येतात.